सोनबाची सायकल

"त्या ताटाले हात नका लावू जी."

मी हात मागे घेतला. ओसरीवर घरधनी श्रावण मारबते, मृणाल आणि मी असे तिघं जेवायला बसलो होतो, ताटं दोनच आली होती आणि माझ्या डोक्याशी असलेल्या देवळीत एक पितळेचं ताट दिसत होतं, दुसऱ्या ताटाने झाकलेलं. बाईंची एक फेरी वाचेल म्हणून मी ते घ्यायला उठलो होतो. मारबत्यांच्या पत्नी भागरताबाई आतून भाताचं पातेलं घेऊन येत होत्या. पातेलं त्यांनी तिथेच जमिनीवर टेकवलं, देवळीतलं ताट दोन्ही हातांनी उचललं, आत नेलं आणि येताना माझ्यासाठी स्टीलची थाळी आणली.

"चुकलं का माझं?" मी विचारलं.

"तुमचं काय चुकते? तुमाले काय माहीत." श्रावण मारबते भातावर लाखोरीचं वरण ओतत म्हणाले. "जेवा."

त्या ताटात अन्न वाढलेलं होतं. बाईंनी ते ज्या बेताने उचललं त्यावरून कळलं. बातमीदारीत माझी बरीच वर्षं गेली होती, अशा गोष्टी नजरेतून सुटत नसत. पण त्या दिवशी मी वेगळ्या कामाला आलो होतो. ताटाचा विचार मी तिथेच सोडून दिला.

काम सोनबा नावाड्याचं होतं.

वैनगंगेच्या काठी मोहघाट नावाचं गाव आहे. तिथे दरवर्षी दिवाळीनंतर सोनबाची दंडार होते. दंडार म्हणजे झाडीपट्टीतला नाचगाण्याचा खेळ, बायकांची सोंगंही पुरुषच घेतात. गोष्ट साधी आहे. नदीला पूर आलेला असतो, मागून राजाचं सैन्य गाव लुटायला येत असतं आणि सोनबा आपल्या डोंग्यातून खेपा करून सगळं गाव पलीकडे नेतो. मग कळतं की एक म्हातारी मागे राहिली. ही म्हातारी जन्मभर सोनबाच्या घराशी भांडलेली. सोनबा पुन्हा डोंगा पाण्यात ढकलतो. आई विचारते, "कोठं चालला?" तो म्हणतो, "येतो." सोनबाचं सोंग घेतलेला माणूस बसलेल्या लोकांतून वाट काढत खरोखरच नदीकडे निघून जातो. आई हातात दिवा धरून उभी राहते आणि एवढंच म्हणते, "येतो म्हणला, येईल." खेळ संपतो. शेवटचं गाणं नाही, आरती नाही, टाळ्या नाहीत. लोक उठून घरी जातात. सोनबा बुडाला असं त्या गावात कोणी म्हणत नाही. म्हणतात, पार गेला.

या दंडारीवर मी नागपूरच्या आमच्या वर्तमानपत्रात एक लेखमाला लिहिली होती. ती वाचून मृणाल बोधनकर मला भेटायला आली. तिचे दोन चित्रपट झाले होते, तिसरा तिला सोनबावर करायचा होता. मी नोकरी सोडली आणि पटकथा लिहायला घेतली. अट एकच घातली, शेवट बदलायचा नाही. तिने ती मान्य केली आणि पटकथा पुरी होत आल्यावर मोडली.

मोहघाटला येताना गाडीत आम्ही सगळा रस्ता भांडलो होतो.

"अहो देशकर, दंडारीत तो माणूस माझ्या अंगाला अंग घासून नदीकडे जातो. मागून पाण्याचा आवाज येत असतो. पडद्यावर तो नुसता फ्रेमच्या बाहेर जाईल. लोकांना वाटेल, चहा प्यायला गेला."

"मग नदी जवळ आण."

"थट्टा नको. मला त्याचं प्रेत हवंय. वाळूवर. आणि ज्यांना त्याने पार नेलं ते सगळे भोवती. एवढा माणूस गेला आणि त्याच्यासाठी कोणी एकदा रडतसुद्धा नाही, हे मला पटतच नाही."

"तेच तर सोनबाचं आहे. मेलेले नायक गल्लोगल्ली मिळतील."

"तुम्ही अजून लेख लिहिताय. मला सिनेमा लिहून द्या."

शेवटी श्रावणभाऊंना विचारायचं ठरलं. मिसरूड फुटल्यापासून सोनबाचं सोंग तेच घेत होते. गावाची परवानगीही त्यांच्याकडूनच मिळणार होती. ते नाही म्हणाले तर मृणाल मुकाट्याने माझा शेवट चित्रित करणार होती. मी निर्धास्त होतो.

जेवणं झाल्यावर तिने विषय काढला. काही लपवलं नाही. दंडारीचा शेवट तिला किती आवडतो हेही सांगितलं आणि तो पडद्यावर का चालणार नाही हेही. श्रावणभाऊ सुपारी कातरत ऐकत होते.

"प्रेत कोठं ठेवाल?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच घाटावर. वाळूत."

"अन् सारं गाव राहील तेथी?"

"सगळं गाव लागेल मला."

"मंग मारा त्याले."

मला वाटलं, त्यांना प्रश्नच कळला नाही. "श्रावणभाऊ, सोनबाला मारायचं म्हणतेय ती. आपल्या दंडारीत तर—"

"दंडारीचं मले नका सांगू जी. दंडार मी करतो." कातरलेली सुपारी त्यांनी मृणालपुढे धरली. "मारा म्याडम. चांगला मारा. पाहणाऱ्याले संशय नाही राहिला पाहिजे."

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि भागरताबाई दारात आल्या.

"कोणाले मारून रायले?"

"सोनबाले."

"तुमच्या बापानं मारला त्याले? आज्यानं मारला? तुमी कोण लागून गेले मारणारे?"

"पिक्चर हाये तो."

"पिक्चर राहो का काही राहो. माह्या घाटावर सोनबाचं मढं ठेवलं तं मी तेथी पाय टाकत नाही. अन् माह्याबिगर गावातली एक बाई येते का पाहा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी तं पेपरात चांगलं लिहिलं होतं जी. पुष्पकलानं वाचून दाखवलं मले. आता काहून गप्प?"

"मी तुमच्याच बाजूचा आहे, बाई."

"मंग बोला न त्याइले."

त्यांच्या मागे हातात खरकटी ताटं घेऊन त्यांची सून उभी होती, पुष्पकला. पंचविशीची असेल. सासू बोलत होती तेवढा वेळ ती सासऱ्याकडे पाहत होती. सासरा सुपारीकडे.

दुपारी मी श्रावणभाऊंना घाटावर गाठलं. डोंगा पालथा घालून ते त्याच्या फटींत डांबर भरत होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि सोनबा का मरता कामा नये ते सांगू लागलो. लेखमालेत लिहिलेलं सगळं पुन्हा सांगितलं. बाकीच्या कथांत माणूस मरतो आणि गोष्ट मिटते, इथे गोष्ट उघडी राहते. आईच्या त्या एका वाक्यावर सगळं गाव उभं आहे. आशेवर उभं आहे.

ते काम न थांबवता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमाले लेकरं किती?"

"एक मुलगी. पुण्याला शिकते."

"फोन करते?"

"दर रविवारी."

"बरं हाये." त्यांनी हातातली काडी डांबराच्या डब्यात ठेवली. "या इकडे."

घाटाच्या वर करंजाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याला एक सायकल टेकवून ठेवलेली होती. चाकांत हवा नव्हती, साखळी गंजली होती, हँडलवर पाखरांची शीट वाळलेली. सीट मात्र स्वच्छ होती.

"माह्या पोराची. खुशालची," ते म्हणाले. "पूर होता. पलीकडच्या टोलीवर, चार घरं हायेत तेथी, एक बाई अडली होती. नर्सबाई येऊन येथी काठावर उभी, नेणारा कोणी नाही. खुशालनं सायकल झाडाले लावली अन् डोंगा काढला. नर्सबाईले उतरवून देलं त्यानं. बाई सुटली, लेकरू चांगलं हाये, आता शाळेत जाते. हा वापस येताना गेला."

"सापडला नाही?"

"डोंगा सापडला."

त्यांनी हँडलवरची शीट नखाने खरवडली.

"जाताना मी येथीच होतो. म्हणलं, कोठं चालला एवढ्या पाण्यात? तं म्हणला, येतो."

ते बुंध्याशी टेकून बसले.

"आमच्या गावात जो सापडत नाही तो पार गेला म्हणतात. पार गेलेल्याची तेरवी करत नाही. काहून, तं सोनबाची झाली नाही. पहिले तो गेला. त्याची व्हायची, मंग दुसऱ्याची. माह्या आज्याच्याही आधीपासून हे असंच हाये. मी जाणत्याइचे पाय धरले. म्हणले, श्रावण, तू तं आमचा सोनबा, तूच असं बोलला तं कसं?"

"पण तेरावं झालं नाही म्हणून अडतं काय?"

त्यांनी घाटाकडे हनुवटी उडवली. पुष्पकला कपड्यांची बादली घेऊन उतरत होती.

"तिचं अडते. तेरवी नाही तं तिचा नवरा मेला नाही. नवरा मेला नाही तं दुसरं घर नाही. तिचा बाप दोन खेपा येऊन गेला. आरमोरीले एक शिंपी हाये, बायको वारली त्याची, पाट लावाले तयार हाये. बाप म्हणते, तेरवी करा अन् पोरगी द्या. आता मी कोठून करू? दंडार माह्या एकट्याची नाही, गावाची हाये. माह्या पोरासाठी मी तिचा शेवट बदलला तं गाव मले या घाटावरून खाली लोटीन, अन् बरोबर करीन." ते पहिल्यांदाच हसले. "तुमी बाहेरचे. तुमी मारला तं पाप तुमच्यावर."

"आणि भागरताबाई?"

"ते वाट पाहते. रोज त्याचं ताट वाढून ठेवते, सकाळी त्यातलं अन्न नदीत सोडते. तिच्याशी मी जिकू नाही शकलो."

परतताना पुष्पकला करंजाखाली भेटली. ओल्या कपड्यांची बादली तिने खाली ठेवली, पदराच्या टोकाने सायकलची सीट पुसली आणि मग मला पाहिलं. थोडी शरमली.

"तुमाले एक सांगू का जी?" ती म्हणाली. "तो तुमचा सोनबाचा लेख हाये न, आत्यानं उशाखाली ठेवला हाये. रोज वाचून मागते. शेवट आला का म्हणते, तेवढं पुन्हा वाच."

"चांगलं आहे की."

"हो जी." तिने बादली उचलली. "मले वाचून वाचून कंटाळा आला."

परतीच्या वाटेवर मी मृणालला सांगितलं, शेवट लिहून देतो. तुझा. तिने कारण विचारलं, ते मी सांगितलं.

"आता मलाच भीती वाटायला लागली," ती म्हणाली. "मी सिनेमा करायला आले होते, देशकर. तेरवी घालायला नाही."

"एकाच शॉटमध्ये दोन्ही होईल."

"असं कधी होत नसतं."

नदी उतरली, वाळू उघडी पडली आणि थंडीत आम्ही मोहघाटला मुक्काम टाकला. सोनबाचं काम करणारा नट मुंबईचा होता. मेहनती मुलगा. डोंगा चालवायला तो श्रावणभाऊंकडून शिकला, हाताला फोड येईपर्यंत. आईचं काम करायला पुण्याची एक नाणावलेली अभिनेत्री होती. तिच्यासाठी मी विलाप लिहिला होता. जुन्या वळणाचे शब्द जमवून, कुठेही आजचा शब्द येणार नाही याची काळजी घेऊन.

प्रेताच्या शॉटला गावातले पुरुष आले. बायका वर करंजाच्या झाडाखाली घोळक्याने उभ्या राहिल्या. खाली एकही उतरली नाही. भागरताबाई त्या घोळक्यात नव्हत्या.

नट वाळूवर उताणा पडला. त्याच्या अंगावर चिखल, शेवाळ, सगळं व्यवस्थित लावलेलं होतं. अभिनेत्रीने विलाप सुरू केला. ती उत्तम रडत होती. भोवतीचे गावकरी मात्र तिच्याकडे कीर्तनाला बसावं तसे बघत होते. मृणालने शॉट थांबवला, पुन्हा घेतला, कॅमेरा हलवला, पुन्हा घेतला. शेवटी हातातला भोंगा खाली ठेवून ती स्वतः लोकांत गेली.

"तुमचा सोनबा गेलाय," ती म्हणाली. "तुम्हाला ज्याने वाचवलं तो. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"कोठं गेला?" मागून एक म्हातारा बोलला. "उताणा पडला हाये न. पोट हालते त्याचं."

सगळे हसले. नटही हसला. पुन्हा मेकअप करावा लागला.

"तुमच्यात कोणी गेलं तर करता काय तुम्ही?" मृणालने विचारलं.

"बाया रडतात त्याच्यावर. त्याचे गाणे राहते, ज्याच्या त्याच्या नावाचे. सोनबाचं कोणाले येते? कोणी रडलंच नाही त्याच्यावर आजवर," तोच म्हातारा म्हणाला.

माझा विलाप माझ्या खिशात होता. तो तिथेच राहिला.

मग श्रावणभाऊ पुढे आले. त्यांनी खांद्यावरचा शेला काढला, झटकला आणि नटाच्या तोंडापासून कमरेपर्यंत पांघरला. ते बाजूला होऊन उभे राहिले तेव्हा पुरुषांच्या माना आपोआप खाली गेल्या. पण तेवढंच झालं. श्रावणभाऊ घाटाच्या वर पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं त्यांनी केलं आहे आणि ते पुरेसं नाही.

वर बायकांच्या घोळक्यात हालचाल झाली. भागरताबाई आल्या होत्या. कधी आल्या मला दिसलं नाही. त्या अनवाणी होत्या. घाटाच्या पायऱ्या उतरून वाळूत आल्या, मृणालकडे पाहिलं नाही, माझ्याकडे नाही, नवऱ्याकडेही नाही. अभिनेत्रीला म्हणाल्या, "सरक बाई." ती सरकली. त्या खाली बसल्या आणि शेला उचलून त्या परक्या मुलाचं तोंड बघत राहिल्या. बघून झाल्यावर पुन्हा पांघरला. चारी टोकं नीट केली.

मृणालने हात वर केला. कॅमेरा सुरू झाला.

"पाणी उतरलं रे," भागरताबाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, घरातल्या माणसाला सांगावं तसं. मग त्यांनी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला आणि आवाज चढला.

"पाणी उतरलं, वाळू दिसली, सोनबा रे... दुसऱ्याचं लेकरू खेळते पलीकडं, सोनबा रे... तुही सायकल झाडाखाली, सोनबा रे... तिच्यात हवा कोण भरन आता, सोनबा रे..."

ध्वनिमुद्रण करणाऱ्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. "सर," तो कुजबुजला, "सायकल?"

मृणालने मागे न पाहता त्याच्या खांद्यावर हात दाबला.

बायका घाट उतरू लागल्या होत्या. एकीने "सोनबा रे" उचललं, मग सगळ्यांनी. एक वाकलेली म्हातारी शेजारी येऊन बसली आणि मध्येच आपलं घातलं, "तुहा रेडिओ बोलते कोनाड्यात, सोनबा रे..." आणखी एकीने बैलांची नावं घेतली. तिसरीने फक्त एका शर्टाचा रंग सांगितला. प्रत्येक ओळीच्या शेवटी नाव सोनबाचंच होतं. दुसरं नाव कोणीही घेतलं नाही. पुरुष एकेक करून वाळूवर बसत गेले. शेल्याखाली नटाचं पोट हलत होतं. तो रडत होता. या वेळी कोणी हसलं नाही.

कॅमेरा थांबला तरी त्या थांबल्या नाहीत. बऱ्याच वेळाने आवाज आपोआप विरले. भागरताबाई उठल्या, लुगड्याची वाळू झटकली आणि वर पाहून हाक मारली.

"पुष्पकला. इकडे ये."

ती करंजाखाली सायकलजवळच उभी होती. एकटी. खाली आली. भागरताबाईंनी तिचं मनगट धरलं आणि श्रावणभाऊंना म्हणाल्या, "तेरवीचं जाणत्याइले सांगा. आता काही म्हणत नाही कोणी. हिच्या बापालेही निरोप धाडा."

श्रावणभाऊ जवळ आले. "तू तं..." ते म्हणाले. "तू तं वाट पाहत होती न त्याची."

"मी का पागल हाव?" भागरताबाई म्हणाल्या. "पुराचं पाणी मले समजत नाही? या नदीवर जलमली मी. तो येत नाही हे मले त्याच दिवशी समजलं, तुमच्या आधी."

"मंग?"

"मंग काय. तो मेला का हे पोरगी जाते." त्यांनी पुष्पकलाचं मनगट सोडलं नव्हतं. "म्हणून नाही मरू देल्ला त्याले."

पुष्पकला म्हणाली, "आत्या, मी नाही जात."

"जाशील," भागरताबाई म्हणाल्या. "चाल आता. भात टाकायचा हाये."

दोघी घाट चढून गेल्या. आम्ही सामान आवरलं.

संकलनाला बसलो तेव्हा निर्मात्याने पहिला आक्षेप सायकलीवर घेतला. दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यात सायकल, वर रेडिओ. ते शब्द काढा, नाहीतर अभिनेत्रीकडून पुन्हा म्हणून घ्या, म्हणाला. पात्रांच्या अंगरख्याला गुंडी असावी की बंद, यावर मी कपडेपटाशी आठवडाभर हुज्जत घातली होती, त्यामुळे सगळ्यांनी गृहीत धरलं की मी त्याच्याच बाजूने बोलणार.

मृणालने चित्र थांबवलं. पडद्यावर भागरताबाईंची पाठ होती. चेहरा तिने कुठेच घेतला नव्हता. "देशकर, सोनबा मी बदलला. तो सांभाळायला तुम्ही होतात. तुम्हीच सांगा."

"राहू दे," मी म्हणालो.

"सायकल?"

"सायकल. रेडिओ. सगळं."

चित्रपट लागला. बरा चालला. माझ्याच जुन्या वर्तमानपत्रात परीक्षण आलं. छायाचित्रणाची स्तुती होती, आणि शेवटी लिहिलं होतं की जुन्या काळातल्या नावाड्याच्या मृत्यूवरील विलापात सायकल आणि रेडिओ कुठून आले याचा खुलासा पटकथालेखकाने करावा. संपादकांचा फोनही आला, दोन ओळी लिहून पाठवा म्हणून. मी काही पाठवलं नाही.

त्यानंतरच्या दिवाळीला मी दंडार पाहायला मोहघाटला गेलो. श्रावणभाऊंनीच सोंग घेतलं होतं. आता त्यांना उठबस जमत नव्हती, पण नदीकडे जाताना ते सरळ चालले. आई झालेल्या पुरुषाने दिवा धरला आणि म्हटलं, "येतो म्हणला, येईल." लोक उठून घरी गेले. कोणी काही बदललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. घर मोठं वाटत होतं.

"मला वाटलं होतं, आता दंडारीतही माराल," मी म्हणालो.

"दंडारीत काहून मारू? तुमी मारला न." श्रावणभाऊ सुपारी कातरत होते. "एकदा मेला, झालं. तेरव्या झाल्या साऱ्याइच्या. आता दंडारीत राहू द्या त्याले. लेकराइले पाहाले पाहिजे."

"पुष्पकला कशी आहे?"

"बरी हाये. दिवस गेले तिले. सायकल मागितली तिनं, म्हणून देल्ली. तो शिंपी त्या सायकलीवरच दुकानात जाते आता." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "हवा भरून आणली त्यानं. नवीन टायरही टाकले."

भागरताबाई आतून दोन ताटं घेऊन आल्या आणि नवऱ्यापुढे एक ठेवलं. दुसरं हातात धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग ते परत आत नेऊन ठेवलं. देवळीतलं पितळेचं ताट काढलं. वरचं झाकण नव्हतं, ताट रिकामं होतं. पदराने ते पुसलं, माझ्यापुढे ठेवलं आणि त्यात भात वाढला.

मी हात लावला नाही.

"जेवा जी," त्या म्हणाल्या. "भात निवून रायला."